कॉम्प्युटरची पत्रिका जुळवताना...

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्या मराठीत इंग्लिशचे खडे लागतील, ते बाजूला काढून खा. पण मराठी विभागाच्या संपादकांनी "तुझ्या कॉम्प्युटरची कहाणी लिहून दे" असा हट्टच धरला. कारण आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये ती कहाणी सगळ्यांना पाठ आहे आणि ती ऐकून निदान चार मुलींचे पैसे वाचलेत.

माझं घर निपाणीला. आई शिवणकाम करते. गल्लीतल्या वीस बायकांची भिशी आहे, महिन्याला दोन हजारांची. २०२४ च्या जूनमध्ये, माझं फर्स्ट इयर संपलं आणि आईचा नंबर लागला. चाळीस हजार रुपये! त्या पैशांत घरी काय काय करायचं हे आईनं दोन वर्षं ठरवून ठेवलं होतं. पण मी कॉम्प्युटरचं बोलल्यावर ती म्हणाली, "घे, पण नीट बघून घे."

मी बघितलं. पण नीट नाही बघितलं. तेच सांगणार आहे.

लॅपटॉप का नाही, हा प्रश्न सगळेच विचारतात. रोज वर्गात न्यायचा असेल किंवा दर शनिवारी घरी जायचं असेल तर लॅपटॉपच घ्या, त्यात वाद नाही. पण त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त जोराचा येतो, स्क्रीन मोठा मिळतो, आणि मुख्य म्हणजे एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. फक्त हॉस्टेलवाल्यांनी आधी रेक्टरना विचारा, मग पैसे मोजा.

आधी एक पुण्याची गोष्ट

स्वतः कॉम्प्युटर जोडणं म्हणजे स्वस्तातलं काम, असा एक समज आहे. तर ऐका. ऐंशीच्या दशकात आपल्या देशाला हवा तसा सुपरकॉम्प्युटर अमेरिकेकडून मिळत नव्हता. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली आपणच तो बनवायचं ठरलं. एकच अवाढव्य, महागडा प्रोसेसर करत बसण्याऐवजी त्यांनी इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' घेतले. या छोट्या चिपची खासियत अशी की तिला शेजारच्या चिपशी बोलायला चार जोडण्या मुळातच दिलेल्या होत्या. अशा ६४ चिप एकमेकींना जोडून १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला.

आपला कॉम्प्युटर त्याच्यापुढे काहीच नाही, पण धडा तोच आहे. एकेक भाग किती भारी आहे यापेक्षा ते एकमेकांशी किती जुळतात, यावर सगळं ठरतं. आपल्याकडे लग्नात पत्रिका बघतात ना, तसंच! मुलगा चांगला, मुलगी चांगली, पण जोडी जमली नाही तर काय उपयोग?

काम काय, ते आधी लिहा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" त्याच्याही आधीचा प्रश्न स्वतःला विचारायचा, "काम काय?"

मेकॅनिकलवाल्यांना सॉलिडवर्क्स, कॅड लागतं. त्यात मॉडेल काढण्याचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, म्हणजे कोअर दहा असण्यापेक्षा एकेक कोअर वेगवान असणं महत्त्वाचं. सिम्युलेशन आणि रेंडरिंगला मात्र जास्त कोअर कामी येतात. आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मॅटलॅब आणि एफपीजीएची सॉफ्टवेअरं, ज्यांना रॅमची भूक फार. कॉम्प्युटरवाल्यांचं कोडिंग साध्या मशीनवरही होतं, पण ब्राउझरच्या चाळीस टॅब उघड्या ठेवायची सवय असेल तर त्यांनाही रॅम हवी. मशीन लर्निंग नुसतं शिकायचं असेल तर गूगल कोलॅबवर थोडंफार काम फुकटात होतं, त्यासाठी लगेच ग्राफिक्स कार्ड घ्यायची गरज नाही.

आणि गेम? ते पण लिहा. लाजू नका. न लिहिता मनात ठेवलेल्या गेमपायीच बजेट कोसळतं!

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम : पत्रिका इथे बघायची

हे त्रिकूट एकत्रच निवडायचं. वेगवेगळं घेतलं की फसगत ठरलेली.

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ सालचं आणि त्यावर डीडीआर४ रॅम चालते. एएम५ हे २०२२ मध्ये आलं, त्यावर फक्त डीडीआर५. दोन्ही रॅमच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकारच्या रॅमबरोबर चालतात, पण बोर्ड मात्र त्यातला एकच प्रकार घेतो. म्हणून बोर्डाचं पूर्ण नाव वाचायचं, नुसतं "चालतंय की" ऐकून घ्यायचं नाही.

नावाच्या शेवटी असलेलं अक्षर बघा. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. असा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, म्हणून घेतला आणि कार्ड नाही घेतलं, तर पंखे फिरतात पण स्क्रीन काळा! एएमडीच्या राइझन ५००० मालिकेत उलट आहे, तिथे आकड्यानंतर 'जी' असेल तरच आत ग्राफिक्स असतं. मी राइझन ५ ५६००जी घेतला. सहा कोअर, आत बऱ्यापैकी ग्राफिक्स, वेगळ्या कार्डाचा खर्च नाही. हा निर्णय बरोबर होता.

बोर्ड मात्र चुकला. मी बी५५० चिपसेटचा बोर्ड घेतला, ८,४०० रुपयांचा, कारण त्यात पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी होती. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं ना! नंतर कळलं की ५६००जी हा प्रोसेसरच मुळात तिसऱ्या पिढीपर्यंत जातो. म्हणजे चार पदरी रस्ता बांधला आणि त्यावर सायकल घातली. ए५२० चिपसेटचा ५,२०० चा बोर्ड मला तेवढंच काम देत होता. ३,२०० रुपये वाया. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अजून एक, जुना बोर्ड आणि नवा प्रोसेसर असेल तर बोर्डाचं बायोस नवीन लागतं. दुकानदारालाच अपडेट करून द्यायला सांगा.

रॅम घेताना १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्यांशी प्रोसेसर एकाच वेळी बोलतो, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतलं असेल तर ते हीच रॅम वापरतं, त्यामुळे फरक डोळ्याला दिसतो. चार खाचांचा बोर्ड असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या लावायच्या असतात. बोर्डाचं पुस्तक उघडा, त्यात चित्रच असतं.

डिस्क : इथे काटकसर करू नका

थोडक्यात सांगते. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दोनशे एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी साडेतीन हजारांपर्यंत. विंडोज एसएसडीवरच हवं. पाचशे जीबीची एक एसएसडी सुरुवातीला पुरते, हार्ड डिस्क नंतर कधीही जोडता येते. एक सावधगिरी : एम.२ नावाच्या खाचेत साटा आणि एनव्हीएमई अशा दोन्ही प्रकारच्या पट्ट्या बसतात, आणि दिसतात अगदी जुळ्या बहिणी. लेबल वाचून घ्या.

एसएमपीएस : जो दिसत नाही तोच

आता मूळ कहाणी. मला कॅबिनेट हवं होतं काचेचं, तीन रंगीत पंख्यांचं. ते मिळालं ३,९०० ला, आणि वर "आत ४५० वॅटचा एसएमपीएस फ्री!" मी खूश. रात्री खोलीतला लाईट बंद केला की माझा कॉम्प्युटर रंकाळ्याच्या रोषणाईसारखा चमकायचा. शेजारच्या खोल्यांमधून मुली बघायला यायच्या.

ऑगस्टमध्ये, धो धो पावसात, संध्याकाळी लाईट गेली, आली, परत गेली, परत आली. आणि एक 'फट्' असा आवाज. जळका वास. पंखे बंद, रोषणाई बंद. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. बोर्डावर जळल्याची खूण होती, म्हणून वॉरंटीत बसलं नाही.

माझे मामा उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांच्याकडे तो एसएमपीएस घेऊन गेले. त्यांनी हातात घेऊन नुसता वर-खाली केला आणि म्हणाले, "अगं, ह्याला वजनच न्हाई! मशीन घेताना आम्ही आधी मोटार बघतो, मग रंग. तू रंग बघितलास व्हय?"

मामांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण त्यांनी नेमकं बोट ठेवलं. चांगल्या एसएमपीएसमध्ये जाड हीटसिंक असतात, मोठे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर असतात, त्यामुळे तो हाताला जड लागतो.

वजनाशिवाय लेबलही वाचता येतं. माझ्या त्या फुकटच्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं, पण आतल्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर होते. आजच्या कॉम्प्युटरचा जवळपास सगळा भार १२ व्होल्टवरच असतो. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॅट. ही खरी ताकद! पदवीला आलेल्या मुलीला हा गुणाकार येत नव्हता असं नाही, मी तो केलाच नव्हता. नंतर घेतलेल्या खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथेच ३५ अँपिअर आहेत, म्हणजे ४२० वॅट.

आता कुणी म्हणेल, तुझ्या मशीनला लागतात किती? बरोबर प्रश्न आहे. कार्ड नसताना माझ्या कॉम्प्युटरला पूर्ण लोडवर दीडशे वॅटसुद्धा लागत नाहीत. म्हणजे तो ताकद कमी पडली म्हणून नाही मेला. त्याच्यात संरक्षणच नव्हतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज वाढलं, करंट वाढला किंवा शॉर्ट झालं तर स्वतः बंद पडण्याची सोय असते. तो एकटा बंद पडतो, बाकीच्यांना वाचवतो. माझा सगळ्यांना घेऊन बुडाला.

'८० प्लस'चा शिक्का असलेला घ्या. त्याचा अर्थ २०, ५० आणि १०० टक्के लोडवर निदान ८० टक्के वीज कामाला लागते, बाकीची उष्णता होते. 'ब्राँझ' त्याच्या वरची पायरी, आपल्या बजेटमध्ये तेवढी पुरे.

आणि हो, जळालेला एसएमपीएस कुतूहलापोटी उघडू नका. २३० व्होल्टचा एसी आत सरळ केला की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो.

अर्थिंग आणि यूपीएस

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात? "थोडं करंट मारतंय, चालतंय" असं म्हणून सोडू नका. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर तारेतला गोंगाट अर्थिंगमध्ये सोडतात. सॉकेटला अर्थिंगच नसेल तर त्यामुळे कॅबिनेटवर मेन्सच्या निम्म्याइतकं व्होल्टेज येतं. करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण अर्थिंग नाही याची ती पक्की खूण आहे. दुसरा एखादा दोष झाला तर वाचवायला काही नसेल. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा ॲडॅप्टर लावू नका, आणि सॉकेटची तक्रार रेक्टरकडे लेखी द्या. आम्ही दिली, इलेक्ट्रिशियन आला.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. तो बहुतेक वेळा ३६० वॅटचा असतो. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला दहा-पंधरा मिनिटं मिळाली की झालं. त्यावर इस्त्री किंवा पाण्याचा रॉड लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार!

जुनं घ्यावं का?

सेकंड-हँड मॉनिटर आणि कॅबिनेट बिनधास्त घ्या, प्रोसेसरही फारसा दगा देत नाही. एसएमपीएस मात्र जुना घेऊ नका. ग्राफिक्स कार्ड घेताना त्याचा पूर्वेतिहास विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचं मायनिंग बंद झालं, आणि त्यात रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली. असं कार्ड चालूही शकतं, पण अर्धा तास जड गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्या गावापुरती एक खास तपासणी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा घरांतल्या-दुकानांतल्या वस्तूही भिजल्या. जुना बोर्ड बघताना स्क्रूच्या भोकांभोवती आणि मागच्या पोर्टच्या आत बॅटरी मारून बघा. गंज किंवा मातीचा बारीक थर दिसला तर किती का स्वस्त असेना, परत ठेवा.

दुकानात

राजारामपुरीत एकाच दुकानात सगळं घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण कोटेशन तीन दुकानांचं घ्या, तेही लेखी. "१६ जीबी रॅम, ५०० एसएसडी" एवढंच लिहिलेलं कोटेशन परत करा. प्रत्येक भागाची कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर हवा. "बॉक्सचा की ट्रेचा?" हे प्रोसेसरबद्दल जरूर विचारा. ट्रेच्या प्रोसेसरबरोबर पंखा नसतो आणि वॉरंटीही बरेचदा दुकानापुरतीच असते. पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर हवेत. बिलाशिवाय स्वस्त म्हणजे वॉरंटीशिवाय महाग. आणि एक अनुभव, माझ्याबरोबर भाऊ होता तर दुकानदार सगळं त्यालाच समजावून सांगत होते. तो बी.कॉम. करतो! मुलींनो, यादी आपल्या हातात ठेवा.

हिशोब

माझे पहिल्यांदा ३९,५०० गेले. तेच पैसे कसे खर्च करायला हवे होते ते बघा (भाव २०२४ चे) :

प्रोसेसर – ११,८००
मदरबोर्ड (ए५२०) – ५,२००
रॅम ८+८ जीबी – ३,५००
एसएसडी ५०० जीबी – ३,४००
एसएमपीएस ४५० वॅट ब्राँझ – ३,०००
साधं कॅबिनेट – १,९००
मॉनिटर – ७,६००
कीबोर्ड, माउस – ७००
यूपीएस ६०० व्हीए – २,९००
एकूण – ४०,०००

बघा, आईच्या भिशीत सगळं बसत होतं. यूपीएससकट! बोर्डावर उगाच घातलेले ३,२०० हातात असते तर एसएमपीएस तिथेच आला असता. पैसे कमी पडले नव्हते, वाटणी चुकली होती.

हे भाव मात्र पाठ करू नका. २०२५ च्या अखेरीस मेमरी कंपन्या एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्या आणि रॅमचे भाव दुप्पट, त्याहूनही वर गेले. आकडे बदलतील, पद्धत तीच राहील : आधी काम लिहा, मग त्रिकूट जुळवा, मग एसएमपीएस घ्या, आणि उरलेल्या पैशांत जे दिसतं ते घ्या. रॅमला आज पैसे पुरत नसतील तर आठची एक पट्टी लावा, दुसरी जागा मोकळी ठेवा. ग्राफिक्स कार्डचंही तसंच. ते नंतर येईल. डेस्कटॉपची हीच तर मजा आहे!

आईला फोन करायला मला चार दिवस लागले. सगळं ऐकून ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग विचारलं, "यावेळी कुणाला विचारून घेणार आहेस?" बोर्ड आणि एसएमपीएसचे ८,२०० तिनंच पाठवले. गणपती तोंडावर होते, शिवणाची कामं भरपूर होती. यूपीएस मी नंतर फर्स्ट इयरच्या मुलींच्या शिकवण्या घेऊन घेतला.

आता मी थर्ड इयरला आहे. मशीन व्यवस्थित चालतंय. काचेचं कॅबिनेट अजून तेच आहे, पण पंख्यांचे लाईट मी काढून टाकलेत. या दिवाळीत आईच्या शिवणाच्या हिशोबाची वही मी एक्सेलमध्ये भरून दिली. तिनं स्क्रीन बघितला, मग वाकून कॅबिनेटच्या मागे हात लावला आणि विचारलं, "मोटार कुठली घातलीस यात?"

मी तिला लेबल वाचून दाखवलं.

तर मंडळी, खरेदीला जाण्याआधी यादी घेऊन लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप द्या. पत्रिका बघून देईन. दक्षिणा म्हणून एक मिसळ चालेल, कट वेगळा!